रेझिस्टन्स नेमका कुणाचा

माझं माहेर वाईचं. लग्नाआधी फौजी माणूस मी पाहिला होता तो एस.टी. स्टँडवर काळ्या ट्रंकेवर बसलेला, तेवढाच. त्यामुळं कुंडलच्या पलीकडच्या या गावात सून म्हणून आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला सगळ्यात पहिला नियम शिकवला तो स्वयंपाकाचा नव्हता की देवघराचा नव्हता. तो असा होता की पोस्टिंग कुठं आहे ते कुणाला सांगायचं नाही. मामंजी स्वतः सुभेदार म्हणून रिटायर झालेले. शेजारणीनं विचारलं, "मालक कुठं असत्यात सध्या?" की आपण म्हणायचं, "वर हायत." वर म्हणजे कुठं? वर म्हणजे वर. काश्मीर वर, राजस्थान वर आणि आसामही वरच.

एकदा मी माहेरच्या ग्रुपवर यांचा फोटो टाकला. मागं बांबूचं बन दिसत होतं. मामंजींना कुठनं कळलं देव जाणे, त्यांनी समोर उभं राहून तो मला काढायला लावला. बांबू बघून कुठला शत्रू येतोय आपल्या उसात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेव्हा मी नवी होते, गिळलं. आता गिळत नाही.

त्या वर्षी हे लांबलचक सुट्टीवर आले ते मिझोरामच्या जंगलातून. आता ती पलटण तिथून हलली आहे, म्हणून सांगते. तिकडून गाडीनं गुवाहाटी, तिथनं रेल्वेनं दोन-दोन गाड्या बदलत पुणे, आणि पुण्याहून एस.टी.नं घरी. आल्या आल्या उसाला पाणी पाजायला गेले. घरात बसवेना म्हणे. मीही म्हटलं, जाऊ दे, महिनोन् महिने उभं राहून राखण केली, आता जरा चिखलात पाय बुडवू दे.

आठवडा झाला असेल-नसेल, दुपारच्या वेळी घरी आले आणि म्हणाले, "गोधडी दे." मी म्हटलं, "अहो, उन्हाचं?" तर दातावर दात वाजत होते. एक गोधडी झाली, दुसरी झाली, वर आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, घोंगडं टाकलं, तरी खाट हलत होती. मग ताप चढला, मग घाम फुटला, आणि संध्याकाळी हे उठून बसले आणि चहा मागितला, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्याबाई म्हणाल्या, "पाळीचा ताप हाय ह्यो."

तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. भला माणूस. रक्त तपासलं आणि म्हणाले मलेरिया आहे, आणि त्यातलाही साधा नव्हे, डोक्यात जाणारा. पण घाबरू नका, वेळेत आलाय. मग त्यांनी विचारलं, "पेशंट कुठनं आलाय?"

मामंजी ताठ बसून म्हणाले, "पुण्यावरनं."

आता यात खोटं काय होतं सांगा. पुण्याहूनच तर आले होते! एस.टी.चं तिकीट खिशात होतं. डॉक्टर म्हणाले, "व्हय, पुण्यात बांधकामाच्या ठिकाणी पाणी साठतं, तिथला डास असंल," आणि त्यांनी आपल्याकडं या मलेरियाला जे औषध द्यायचा सरकारी नियम आहे ते दिलं. हे डोळे मिटून भिंतीला टेकलेले. कुठनं आलाय हा प्रश्न डॉक्टरांनी एका अर्थानं विचारला आणि आमच्या घरानं दुसऱ्याच अर्थानं ऐकला, आणि कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

गोळ्या झाल्या. एकही चुकली नाही, मी तशी चुकू देणारी बाई नाही. ताप गेला. हे पुन्हा शेतावर जायला लागले, रात्रीचं जेवण दोन घास जास्तच जायला लागलं. आत्याबाईंनी ग्रामदेवतेला नारळ फोडला. मी वाईला फोन करून आईला सांगितलं, सुटलो बाई एकदाचे.

आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खाट हलायला लागली.

माझ्या डोक्याचा त्या दिवशी जो गोंधळ सुरू झाला तो पुढं कितीतरी दिवस संपला नाही. औषध बरोबर, डोस पुरा, माणूस तोच, मग ताप परत कसा? घराघरातनं सल्ले यायला लागले. एक म्हणाली गोळ्याच बोगस असतील. दुसरी म्हणाली, फौजी माणूस घरी आला की दृष्ट लागतीच. यांचा चुलतभाऊ म्हणाला, "वैनी, दुसरा डास चावला असंल, त्यात काय एवढं?" मला तेच पटलं, कारण त्यात कुणाचीच चूक नव्हती. पण मग गावात आणखी कुणालाच कसा ताप नाही? त्या डासाला आमचंच घर सापडलं होतं का?

या वेळचा ताप वेगळा होता. सकाळी बघते तर यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालेला. हाक मारली तर मला म्हणतात, "जी साब." मी म्हटलं, "अहो, मी आहे." तर पुन्हा, "जी साब, अभी जाता हूँ," आणि उठायला लागले. मामंजींनी दोन्ही खांदे धरून खाली दाबलं. त्यांच्या हाताला किती जोर लागत होता ते मला दिसत होतं, आणि मला भयंकर भीती वाटली. भीती म्हणजे अशी की चप्पल घालायचं सुचेना. अनवाणीच गाडीत बसले. मांडीवर यांचं डोकं, आणि माझ्या मनात एकच, हा माणूस जंगलातनं जिवंत आला आणि माझ्या घरात जाणार.

सांगलीच्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. त्यांनी इंजेक्शन सुरू केलं, रक्त घेतलं, तालुक्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांना दारात म्हणाल्या, "पहिल्या औषधाला रेझिस्टन्स दिसतोय. चांगलाच."

हे आत्याबाईंच्या कानावर पडलं.

आता करोनाच्या वेळेपासून आमच्याकडं या शब्दाचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक असेलच. प्रतिकारशक्ती, इम्युनिटी, रेझिस्टन्स, सगळं एकच. त्या काळात आत्याबाईंनी आम्हाला आल्या-मिऱ्याचा काढा पाजून पाजून घशाची सालं काढली होती, कशासाठी तर रेझिस्टन्स वाढावा म्हणून. त्या लगबगीनं माझ्याकडं आल्या, चेहरा कसा उजळलेला. "पोरी, ऐकलंस का? डॉक्टरीण म्हंती रेझिस्टन्स हाय. चांगलाच हाय म्हंती!" लगेच कुंडलला बहिणीला फोन. "व्हय गं, आपल्या पोरात रेझिस्टन्स लय निघालाय!" मामंजींनीही मान हलवली आणि म्हणाले, "फौजेत घडलेलं शरीर हाय ते."

माझाही जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू? मी भिंतीला टेकून तिथंच जरा रडून घेतलं. पण मग डोकं चालायला लागलं. रेझिस्टन्स चांगला आहे तर ती बाई अशी कपाळाला आठ्या घालून का फिरतेय? आनंदाची बातमी अशी दारात हळू आवाजात का सांगतात? मला राहवेना. मी गेले.

"डॉक्टर, रेझिस्टन्स आहे म्हणजे चांगलंच ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणाचा रेझिस्टन्स?"

"यांचा."

"अहो, यांचा नाही. जंतूचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जंतूची प्रतिकारशक्ती?"

"हो. औषधाशी लढायची."

आता मला सांगा, आपण आयुष्यभर ऐकत आलो की जंतू हल्ला करतो आणि शरीर प्रतिकार करतं. इथं औषध हल्ला करतंय आणि जंतू प्रतिकार करतोय! म्हणजे माझ्या नवऱ्याच्या अंगात बसून तो स्वतःला वाचवत होता. तो शब्दच माझ्यापुढं असा उलटा झाला. मागं आत्याबाई अजून फोनवर होत्या. "लय निघालाय, लय!" मला ते ऐकवेना.

डॉक्टरीणबाई तुटक बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांनी मला नीट समजावलं. जंतू लाखांनी वाढतात, म्हणाल्या, आणि वाढताना प्रत्येक वेळी आपल्या सगळ्या गुणांची नक्कल उतरवतात. नक्कल करताना आपला नाही का एखादा काना राहून जातो, एखादी मात्रा चुकते? तसंच. बहुतेक चुका वाया जातात. पण एखाद्याची चूक अशी पडते की औषध जिथं धरायचं तिथं त्याला धरताच येत नाही. मग औषध बाकीच्यांना मारतं आणि हा एक राहतो. मग सगळं घर त्याच्याच पोराबाळांचं.

म्हणजे जंतूच्या लिहिण्यात एक मात्रा चुकली आणि आमच्या औषधाची मात्रा चालेना, एवढं मला कळलं. पण मग दुसरंच डोक्यात शिरलं. "म्हणजे त्यानं ठरवून नाही केलं? चुकून झालं?"

"चुकून."

"आणि आम्ही गोळ्या दिल्या त्यांनी साधे मेले आणि चिवट राहिले?"

"हो, तसंच."

"मग गोळ्या दिल्या ते बरोबर केलं की चूक?"

"बरोबरच केलंत. पण ती गोळी बरोबर नव्हती." मी मान हलवली, पण खरं सांगते, मला काही उमगलं नव्हतं. बरोबर केलं आणि बरोबर नव्हतं, हे एकाच वाक्यात कसं बसतं? अजूनही मी त्यावर विचार करते आणि अजूनही एक टोक हातात आलं की दुसरं सुटतं.

मग त्याच म्हणाल्या, "मला एक कोडं सुटत नाही. असा जंतू आपल्याकडं सहसा दिसत नाही. हे पुण्यात नेमके कुठं राहतात?"

"पुण्यात? पुण्यात कुठं राहतात? पुण्यात नाही राहत."

त्यांनी हातातला कागद बघितला. तालुक्याहून तसंच सांगितलं गेलं होतं. त्या थेट मामंजींकडं गेल्या. "बाबा, तुमचा मुलगा कुठून आला?"

"पुण्यावरनं," मामंजी म्हणाले.

"पुण्याच्या आधी कुठं होता?"

"ड्युटीवर."

"ड्युटी कुठं?"

मामंजींचे खांदे आपोआप मागं गेले. "ते सांगता येत न्हाई."

"बाबा, मी डॉक्टर आहे."

"आवं, तुमी औषध देताय का चौकशी करताय?"

झालं! माझं डोकं असं फिरलं की सासरा, मान, पदर, सगळं गेलं कुठल्या कुठं. मी ओरडले. "मिझोराम! मिझोरामला होते हे! जंगलात, हद्दीवर! आणि तिथं डास आहेत, ढीगभर आहेत, मला फोनवर रोज सांगायचे!" सगळा व्हरांडा आमच्याकडं बघायला लागला. एक म्हातारा पाणी प्यायचं थांबला. मामंजी उठून उभे राहिले, मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ते नुसतेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, काहीतरी चुकलंय पण काय ते समजेना, असं होतं. "त्याचा आन् तापाचा काय संबंध?" असं ते मला नव्हे, डॉक्टरीणबाईंनाच विचारत होते, आणि अगदी खरंखुरं विचारत होते.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या भागात या मलेरियाला औषधच वेगळं देतात, कारण आपल्याकडच्या गोळ्यांत दोन औषधं असतात, त्यातलं एक तिकडच्या जंतूवर आता चालत नाही. तिकडून आला म्हटलं असतं तर पहिल्या दिवसापासून ते दिलं असतं. मामंजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी जंतूला बी पोस्टिंग असतंय." आणि खाली बसले.

इंजेक्शननं ताप उतरला. यांनी मला ओळखलं, नावानं हाक मारली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धंच काम झालंय. इंजेक्शन जंतूला झोपवतं, मुळासकट काढायचा तो आता या नव्या गोळ्यांनी, आणि त्या पुऱ्या लागू पडायला हव्यात. पुन्हा उलटला तर मात्र शरीरात झेलायची ताकद उरलेली नाही. मग जाता जाता म्हणाल्या, "आणि गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही. साय, तूप, घट्ट दूध, काहीतरी स्निग्ध सोबत हवं. नाहीतर ती अंगात शिरतच नाही."

आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला.

यांचे डोळे अजून पिवळे होते. आमच्याकडं पिवळे डोळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे तेल बंद, तूप बंद, हळदसुद्धा बंद. या खेपेच्या तापाच्या पहिल्या दिवसापासून आत्याबाईंनी यांना भाताच्या पेजेवर ठेवलं होतं. आणि त्यांचा स्वतःचा धाकटा भाऊ काविळीनं गेला होता, ऐन तिशीत. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी आग्रहानं भातावर तुपाची धार धरली, त्यानं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तुपानं गेला, असंच त्यांच्या घरात आजवर सांगतात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ही ती कावीळ नव्हे, जंतूंनी रक्त फोडलंय त्याचा हा पिवळेपणा आहे. आत्याबाई मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या.

मलाही ठरवता येईना. वाईला माझ्या आईनंही काविळीत कधी तूप दिलं नव्हतं. मी पुन्हा जाऊन विचारलं, डॉक्टर, नक्की ना? नक्की. मग समोरच्या डेअरीतनं साय आणली, घरून आलेल्या डब्यातलं तूप वाटीत घेतलं, गोळी घेतली आणि खाटेजवळ गेले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"आदी मला मार, मग ह्याला दे."

"आत्याबाई, सोडा."

"सोडत न्हाई. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत गेला गं. तू तवा हुतीस का?"

हे दोघींकडं बघत होते. मी चमचा पुढं केला तर यांनी ओठ मिटले. आई रडतेय आणि आपण खातोय, हे त्या माणसाला जमेना. एवढा धिप्पाड जवान, आणि चमचाभर सायीपुढं तोंड उघडेना! मला संताप आला आणि रडूही आलं. गोळीची वेळ निघून चालली होती. ती अंगात शिरली नाही तर काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि शिरवायची कशी ते ठाऊक नव्हतं.

खुर्चीतनं मामंजी म्हणाले, "तूच घाल त्याला."

"मी?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुझ्याच हातानं खाईल त्यो."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग वाटी घेतली, खाटेच्या कडेला बसल्या, लेकाच्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळा, माझ्यावर राग धरू नगं." आणि चमचा त्याच्या तोंडात घातला. त्यानं गिळलं. दुसरा घातला. तोही गिळला. मग गोळी, मग दूध. वाटी संपल्यावर त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. तो झोपला तर नाकापुढं बोट धरून बघायच्या. पाणी प्यायला उठल्या नाहीत. संध्याकाळच्या गोळीला पुन्हा वाटी घेतली, पुन्हा कपाळावरनं हात फिरवला, पुन्हा तेच म्हणाल्या. पुढच्या प्रत्येक गोळीला तसंच. मी एकदा म्हटलं, द्या, आता मी घालते. तर म्हणाल्या, "नगं. पाप लागायचं तर मला लागूदे."

गोळ्या संपल्या. डोळे पांढरे झाले, भूक लागायला लागली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या, पहिल्यांदाच हसत. रक्त साफ होतं.

"मग आता तूप थांबवू का?" आत्याबाईंनी विचारलं.

"थांबवायचं कशाला आजी? आवडत असेल तर घाला की."

आत्याबाई तिथंच फरशीवर खाली बसल्या. "तुमाला काय ठावं, बाई," त्या म्हणाल्या, "ह्या हातानं किती येळा जिवं मारलं मी माझ्या पोराला."